मालगाडीच्या उघड्या वाघिणीवर ताडपत्री टाकली की पुरेसं होतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: काही वाघिणी झाकलेल्या आणि काही उघड्या का जातात, आणि ताडपत्री असताना कडक झाकणांचा खर्च कशाला? माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

खडी, लोहखनिज, ओंडके भिजले तरी सहसा काही अडत नाही, ते उघडे जातात. सिमेंट, साखर, धान्य ताडपत्रीच्या भरवशावर सोडूच नये. त्यांना बंद वाघीण किंवा झाकणाचा हॉपर (खालून रिकामी होणारी वाघीण) लागतो. डोकेदुखी असते ती मधल्या मालाची.

एकदा पोलादी कॉइलवरची, म्हणजे पोलादी पत्र्याच्या गुंडाळीवरची, ताडपत्री काढली. तिला एकही भोक नव्हतं, वाटेत पाऊसही लागला नव्हता, तरी आतून थेंब लोंबत होते आणि कॉइलच्या कडांवर गंज चढला होता. कॉइल रात्री गार पडते. सकाळी हवा तापते, पण काही टनांचं पोलाद तितक्या लवकर तापत नाही. मग दमट हवा त्याला लागली की थंड पाण्याच्या भांड्याला बाहेरून फुटतो तसा घाम फुटतो. ताडपत्री मालाला चिकटवून आवळलेली असेल तर हा ओलावा वाळायला जागाच उरत नाही. जस्त चढवलेल्या पत्र्यावर अशा वेळी पांढरा गंज येतो. म्हणून कॉइलच्या वाघिणींवर मालापासून अंतर राखणारे कडक हूड, म्हणजे टोपासारखी झाकणं, असतात. काही उचलून काढायचे, काही एकात एक सरकणारे. अर्थात हुडाखाली ओल्या लाकडाचे ठोकळे ठेवलेत, तर पाणी तुम्हीच आत नेलंत! कापलेल्या लाकडाच्या गठ्ठ्यांना कागद-प्लास्टिक गुंडाळतात तेव्हा तळ बहुधा मोकळा सोडतात, तो याच कारणासाठी.

कोळशाचं गणित उलटं. तिथे मालापासून रुळांना वाचवायचं असतं. उडालेली भुकटी रुळांखालच्या खडीत बसते, पाणी निचरत नाही, आणि खडीची पकड जाते. अमेरिकेतल्या पावडर रिव्हर खोऱ्यात मे 2005 मध्ये लागोपाठ दोन दिवस कोळशाच्या गाड्या घसरल्या, तेव्हा बोट या भुकटीकडेच गेलं. तिथल्या बीएनएसएफ रेल्वेने 2011 पासून भुकटी 85 टक्के कमी करण्याची अट घातली. पण त्यासाठी वाघिणींना झाकणं बसली नाहीत. माथा पावासारखा गोलसर भरायचा आणि वर पापुद्रा धरणारं रसायन फवारायचं, हा मार्ग निघाला. झाकण उघडा-लावायचं म्हणजे भरताना आणि रिकामं करताना वेळ जातो, आणि शंभराहून जास्त वाघिणींच्या गाडीला तो परवडत नाही. एक गंमत म्हणजे उघड्या वाघिणीला भरलेली असताना हवेचा जितका अडथळा होतो त्यापेक्षा रिकामी असताना जास्त होतो, त्यामुळे परतीच्या फेरीत झाकणाने इंधन वाचतं.

ताडपत्रीच वापरणार असाल तर मधोमध उंचवटा हवा, नाहीतर खळग्यात पाणी साचून तिथेच ती फाटते. जुन्या ब्रिटिश उघड्या वाघिणींपैकी काहींवर यासाठी लांबीभर आडवी दांडी असायची. दोर सैल राहिला तर वेगात कोपरा फडफडत दोर ओवायच्या डोळ्यापासून उसवतो, आणि विजेच्या मार्गावर तो वरच्या तारेपर्यंत पोचू शकतो. कित्येक देशांत त्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. तेव्हा ताडपत्री बांधायला किंवा सोडायला वाघिणीवर चढण्याआधी, त्या रुळावरच्या तारेचा पुरवठा बंद करून ती जमिनीला जोडली आहे याची खात्री करा.