‘काहीही द्या’ म्हणू नका : धान्य बँकेवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सांगली-मिरज भागातल्या धान्य बँकांसाठी, म्हणजे गरजूंसाठी धान्य-किराणा गोळा करून वाटणाऱ्यांसाठी, हातभार लावायला कोण कोण तयार आहे असं सहज विचारलं होतं, तर निम्म्या लोकांनी ‘तयार आहे’ म्हणायच्या ऐवजी प्रश्नच पाठवले, आणि ते इतके नेमके आहेत की यावेळचं सदर सगळं त्यांनाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतेय.

ताई, आमच्या कॉलनीतल्या मंदिरात दिवाळीला धान्य बँकेसाठी एक पिंप ठेवलं. सुरुवातीला भराभर भरलं, आता संक्रांत झाली तरी तळाला चार वाट्या तांदूळ. लोकांना सारखं सारखं काय मागायचं, लाज वाटते. – विश्रामबाग, सांगली

लाज कसली, तुम्ही काय स्वतःच्या घरी नेताय का! पण पिंप ठेवून वाट बघत बसलं की असंच होणार, सणाला लोकांचा हात सुटतो आणि नंतर प्रत्येकजण आपल्या ईएमआय आणि शाळेच्या फीमध्ये अडकतो, त्यात त्यांचं काही चुकत नाही. दिवस ठरवा. पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार घ्या, आणि प्रत्येक गल्लीत एक घर असं धरा जिथं लोकांनी पिशवी आणून द्यायची, मंदिरापर्यंत कुणी येत नाही हो, चार घरं सोडून जावं लागलं तरी कंटाळा येतो. आणि ‘काहीही द्या, यथाशक्ती द्या’ असा मेसेज अजिबात टाकू नका, काहीही म्हटलं की घरातला जाडा तांदूळच येतो. ज्यांच्याकडं रेशनकार्ड चालू आहे त्यांना गहू-तांदूळ मिळतोच, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागं ३५ किलो, सध्या तेही फुकट. अडतं ते डाळीपाशी आणि तेलापाशी. म्हणून ग्रुपवर सरळ लिहायचं, या महिन्यात फक्त तूरडाळ, एक किलो, पुढच्या महिन्यात तेलाची पिशवी, त्याच्या पुढं शेंगदाणे आणि गूळ. चाळीस घरांची गल्ली असली आणि निम्म्यांनी दिलं तरी वीस किलो डाळ होते, आणि दर महिन्याला होते.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात हे आधीच होऊन गेलंय. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मुष्टी फंड चालवला होता, घरातल्या बायकांनी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते गोळा होऊन पोरांच्या जेवणाला लागायचं. तेव्हा काय लोकांकडं धान्य उतू चाललं होतं का? पण मूठ द्यायला कुणाला जड जात नाही, आणि एकदा हाताला सवय लागली की मागावंही लागत नाही.

आमचा दहा-पंधरा जणांचा ग्रुप आहे, संस्था वगैरे काही नाही. मी माझ्या गुगल पेवर पैसे घेतो, मार्केट यार्डातून डाळ-तेल उचलतो आणि धान्य बँकेला पोच करतो. परवा एकानं ग्रुपवर विचारलं पावती कुठाय आणि दुसऱ्यानं विचारलं ८० जी मिळेल का. एवढं करून हे ऐकायचं का? – मिरज

ऐकायचं दादा, आणि राग न धरता ऐकायचं, कारण पावती मागणारा तुम्हाला चोर म्हणत नाहीये, तो पुढच्या महिन्यातही पैसे द्यायचे म्हणून विचारतोय. ज्याला द्यायचेच नाहीत तो कशाला विचारेल.

आता कायद्याचं. नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातल्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं कागद घेऊन पळत असतात ना, तेच हे ४१ क. गणपतीला लागतं आणि डाळीला लागत नाही असं काही नसतं. त्यापेक्षा माझं ऐकाल तर वेगळं काही काढूच नका, ज्या धान्य बँकेला तुम्ही माल देता ती नोंदणीकृत ट्रस्ट आहे का बघा, असेल तर त्यांचंच पावतीपुस्तक आणि त्यांचाच क्यूआर घेऊन तुम्ही गोळा करा. पैसा थेट त्यांच्या खात्यात जाईल, तुमच्या गुगल पेवर घरचं दूधबिल आणि लोकांची देणगी एकात एक होणार नाही, आणि उद्या तुम्ही आजारी पडलात किंवा बदली झाली तरी काम अडणार नाही.

८० जीचं म्हणाल तर देणगीवरची ती इन्कमटॅक्सची सवलत तुमच्या ग्रुपला दिलेल्या पैशावर मिळतच नाही, ज्या संस्थेकडं तशी नोंदणी आहे तिला दिलेल्या पैशावर मिळते. त्यातही रोख रक्कम २००० रुपयांच्या वर गेली तर सवलत नाही, मग चेक, यूपीआय असं बँकेतून द्यावं लागतं. डाळीचं पोतं दिलं तर त्यावर ८० जी नाही, वस्तूच्या दानाला ती लागू होत नाही, आणि हे लोकांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये एखादा व्यापारी पोत्याची पावती घेऊन येतो आणि वाद होतो. ज्यानं नवीन करप्रणाली घेतलीय त्याला तर तसाही उपयोग नाही. पॅन नंबर मात्र घेऊन ठेवा, वर्ष संपल्यावर संस्थेला इन्कमटॅक्सकडं देणगीदारांची माहिती भरून सर्टिफिकेट द्यायचं असतं आणि तेव्हा पॅनसाठी फोनाफोनी करताना जीव जातो.

एक अजून. महिन्याचा हिशोब एका कागदावर काढून मंदिराबाहेर चिकटवा, किती आले, डाळ कुठल्या भावानं घेतली, टेम्पोभाडं किती गेलं, शिल्लक किती. टेम्पोभाडं लपवायचं नाही, लोकांना वाटतं सगळे पैसे डाळीतच जावेत, पण डाळ काय चालत जाते होय!

आमच्या बचत गटानं भडंगाचा स्टॉल लावून धान्य बँकेला पैसे द्यायचं ठरवलंय. चालेल ना? – कुपवाड

चालेल की, सांगलीत भडंग खपणार नाही तर काय खपणार. तुमच्या गटाकडं खाद्यपदार्थाची एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आहे का तेवढं बघा, आणि धान्य बँकेत आलेले शेंगदाणे चुकूनही त्या भडंगात घालू नका, दानाचा माल विकला अशी एकदा बोंब झाली की कुणी ऐकून घेत नाही. चुरमुरे, तेल, लसूण सगळं गटाच्या पैशातून, खर्च वजा करून राहील ते धान्य बँकेला.

पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. जेवण उरलं तर कार्यकर्ते येऊन नेतील का? वाया जायला नको वाटतं. – तासगाव

अण्णा, तुम्ही लग्नाआधी विचारलंत हेच फार झालं. बहुतेक फोन येतात ते वरात निघाल्यावर, संध्याकाळी पाच वाजता, ‘मसालेभात भरपूर उरलाय, घेऊन जा’, आणि तो भात दुपारी बारापासून उघड्या पातेल्यात असतो. तसला भात कुणी घेऊ नये. गरम अन्न ६० अंशाच्या वर राहिलं पाहिजे आणि थंड ठेवायचं ते ५ अंशाच्या खाली, मधल्या तापमानात जंतू वाढतात, आणि भातातले काही जंतू असे असतात की परत उकळी काढली तरी त्यांचं विष जात नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे २०१९ चे नियम आहेत, त्यात वाटणाऱ्या संस्थेनं नोंदणी करायची आणि कुणाकडून किती घेतलं, कुठं दिलं याची नोंद ठेवायची असं आहे, त्यामुळं कार्यकर्ते दहा प्रश्न विचारतील त्याचा राग मानू नका.

तुम्ही असं करा, आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा की पंगतीला न नेलेलं जेवण वेगळ्या झाकणाच्या पातेल्यात राहू दे, बुफेच्या टेबलावरचं परत त्यात ओतायचं नाही. मंगल कार्यालयाचा पत्ता आणि जेवणाची वेळ धान्य बँकेला आठवडाभर आधी द्या, म्हणजे जेवण कुठं पोचवायचं ते त्यांनाही ठरवता येतं, कुठं वसतिगृह असतं, कुठं दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक. चपात्या, सुकी भाजी, बुंदी हे टिकतं. मठ्ठा, बासुंदी, दह्याची कोशिंबीर त्यांच्या गळ्यात घालू नका. आणि खरं सांगू का, हजाराच्या जागी नऊशेचाच स्वयंपाक सांगून शंभर ताटांचे पैसे आधीच धान्य बँकेला दिलेत तर सगळ्यांचाच त्रास वाचेल.

२०१९ च्या पुरात आमच्याकडं बाहेरून गाड्याच्या गाड्या आल्या, पण आतल्या गल्लीत काही पोचलं नाही आणि जुन्या कपड्यांचे ढीग मात्र रस्त्यावर कुजले. यंदा पावसाळ्याआधी आम्ही पोरांनी काय तयारी ठेवावी? – सांगलीवाडी

हा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका हे तुम्हाला पाठ असेलच, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्याआधी २००५ ला आणि नंतर २०२१ लाही आपण पाणी बघितलंच. तर जो साठा करायचा तो मेअखेर करा आणि पाणी कधी न आलेल्या भागात ठेवा, गावभागातलं गोडाऊन स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, पूरग्रस्तांचं धान्य पुरातच भिजायचं.

दुसरं म्हणजे माल दोन टप्प्यांचा असतो. पाणी घरात असताना माणूस शाळेत नाहीतर माडीवर असतो, गॅस नाही, शेगडी नाही, त्याला पीठ आणि डाळ देऊन काय उपयोग? तेव्हा चपाती-चटणी, चिवडा, बिस्किटं, पिण्याचं पाणी, लहान पोरांचं दूध, सॅनिटरी पॅड, मेणबत्ती-काडेपेटी. पाणी उतरल्यावर घर धुऊन चूल पेटते तेव्हा किट लागतं, तांदूळ, पीठ, डाळ, तेल, मीठ, तिखट, साबण, फिनेल. बाहेरचे लोक सगळं पहिल्या टप्प्यात पाठवतात आणि दुसऱ्या टप्प्यात कुणीच नसतं, तुम्ही तुमचा साठा दुसऱ्यासाठी राखून ठेवा. गल्लीवार यादी आत्ताच करून ठेवा, कुठं म्हातारी माणसं एकटी आहेत, कुठं बाळंतीण आहे, कोण भाड्यानं राहतं, कारण भाडेकरू बऱ्याचदा यादीतून सुटतात. आणि कपडे नकोत म्हणून आधीच जाहीर करा, बिनधास्त करा. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी धुणीभांडी करते. नवरा वारल्यावर एका ग्रुपनं धान्याचं किट दिलं, पण हातात पिशवी धरून फोटो काढला आणि तो सगळीकडं फिरला, पोरीच्या वर्गातल्या मुलांनी पण बघितला. आता परत घ्यायला जावं का? – जत

ताई, जा, किटवर तुमचा हक्क आहे, फोटोवर त्यांचा नाही. ‘फोटो काढायचा नाही’ एवढंच म्हणा, आणि फिरलेला फोटो काढून टाका म्हणून त्यांना सांगा. तरी ऐकलं नाही तर आम्हाला परत लिहा, दुसरी जागा शोधू. आणि वाचणाऱ्या कार्यकर्त्यांनो, देणगीदाराला पुरावा हवा असतो हे कळतं मला, तर मग भरलेल्या पिशव्यांचा काढा फोटो, पावत्यांचा काढा, माणसाचा कशाला?

आम्ही कॉलेजची मुलं रविवारी धान्य बँकेत जातो. सुरुवातीला तीसजण होतो, आता पाच. जे काम देतात ते म्हणजे बसून राहणं. मुलं टिकवायची कशी? – सांगली

बसवून ठेवलं तर मी पण येणार नाही बाबा. काम छाटून द्यायला सांगा, दहा ते बारा, एका टेबलावर तारखा तपासणं, दुसऱ्यावर किलोकिलोच्या पिशव्या, बारा वाजले की घरी. आणि तारखांचं टेबल साधं नसतं हं. ‘बेस्ट बिफोर’ उलटलं म्हणजे चव-कुरकुरीतपणा कमी होतो, माल लगेच विषारी होत नाही, पण ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटलेलं मात्र सरळ बाजूला, कितीही महागाचं असू दे. दुकानदार मुदत संपायच्या दोन दिवस आधी खोकी आणून टाकतात, त्यांना सांगा महिनाभर आधी द्या. अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली पहिली फूड बँक काढली ती दुकानातून टाकून देत असलेल्या चांगल्या मालावरच, त्यामुळं असला माल घेण्यात कमीपणा नाही, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायचा.

घरून आलेल्या सुट्या धान्यात हात घालायच्या आधी ते परातीत ओतून बघा. सोंडे झालेत का, जाळी धरलीय का, पीठ असेल तर वास घ्या. आणि धान्यात टिकायला टाकलेल्या गोळ्या किंवा पावडर दिसली तर ते पोतं कुणालाच द्यायचं नाही, काही गोळ्यांत पारा असतो आणि काहींतून विषारी वायू सुटतो, धुवून चालेल असं म्हणणाऱ्या काकांचं ऐकू नका. हे ज्या पोरांना शिकवाल ती टिकतील बघा, कारण मग त्यांच्याशिवाय अडायला लागतं.

आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, धान्य द्यायचं मनात आहे, कसं करावं? – वाळवा

आधी रेशनकार्डाचं विचारा. कार्ड बीडचं असलं तरी ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळं त्यांना इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं, बऱ्याच जणांना ते माहीत नसतं किंवा दुकानदार टोलवतो, तर तुमच्यातला एखादा त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन उभा राहिला तरी मोठं काम होईल. तुम्ही डाळ, तेल, शेंगदाणे, मीठ-मिरची द्या, आणि पीठ देणार असाल तर ज्वारी-बाजरीचं, भाकरी थापायची सवय असते. ती माणसं पहाटेच फडावर जातात, दुपारी कोपीवर फक्त लहान पोरं आणि एखादी म्हातारी, तेव्हा संध्याकाळी चूल पेटायच्या आधी जा. मुकादमाला कळवून जा, पण पिशव्या त्याच्या ताब्यात देऊन परत येऊ नका, प्रत्येक कोपीतल्या बाईच्या हातात द्या.