डोळ्यांच्या हालचाली मोजायच्या आहेत? मग आधी मुलांच्या ओपीडीत बसून बघ

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी. धाकट्या भावाच्या तिरळेपणाच्या तपासणीला सोबत आली होती. त्याची बुबुळं कशी फिरतात याचा आलेख संगणकावर उमटताना तिने पाहिला आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. नातेवाईक म्हणतात, ऑप्टोमेट्री (नजर तपासण्याचं शिक्षण) केली की चष्म्याच्या दुकानात बसावं लागतं. डॉक्टर होण्याचाच आग्रह धरावा का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, नमस्कार. आग्रह नको. पण ‘हेच’ म्हणजे नेमकं काय, ते तिच्याकडून काढून घ्या. मशीन आवडलं, आलेख आवडला की समोरचं मूल? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

तिने पाहिलेली तपासणी साधारण अशी होते. डोळ्यावर न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पडतो. कॅमेरा बाहुली आणि बुबुळावरची चमक टिपत राहतो, काही यंत्रांत सेकंदाला 1000 वेळा. त्याआधी पडद्यावरच्या ठरावीक ठिपक्यांकडे एकेक करून बघायचं असतं, म्हणजे यंत्राचं माप जुळतं. मोठा माणूस हनुवटी टेकवून ते मुकाट्याने करतो. सहा वर्षांचं पोरगं दोन ठिपके बघतं, तिसऱ्याला आईकडे वळतं आणि ‘झालं का?’ विचारतं. मग ठिपक्याच्या जागी कार्टून, थोडी विश्रांती, पुन्हा पहिल्यापासून. यंत्र शिकता येतं हो, खरा कस लागतो तो इथे.

आणि मोजायचं कशाशी ताडून? ठिपका एकदम दुसरीकडे गेला की मोठ्यांची नजर साधारण 200 मिलिसेकंदांनी उडी घेते. लहान मुलांना जास्त वेळ लागतो आणि वाढत्या वयात तो कमी होत जातो. उडीचा वेग मात्र लहानपणीही मोठ्यांच्या जवळपास असतो. आणखी एक चाचणी आहे : ठिपका उजवीकडे दिसला की मुद्दाम डावीकडे बघायचं. लहान मुलं हमखास चुकतात, किशोरवयात ते जमू लागतं. हा आजार नव्हे. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग उशिरा पक्व होतो, इतकंच. म्हणूनच निरोगी मुलांची वयानुसार मापं लागतात. नाहीतर सात वर्षांच्या मुलाला तिशीतल्या माणसाच्या फूटपट्टीने मोजून आपण उगाच दोषी ठरवू. अशी मापं गोळा करणं म्हणजे एकामागून एक निरोगी मुलांवर तीच ती चाचणी. चिकाटीचं आणि बऱ्यापैकी कंटाळवाणं काम. ते तिला आधीच सांगा.

मुलांमध्येच रमणार असेल तर बी.ऑप्टोम., म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी, ही सरळ वाट. इंटर्नशिप धरून आतापर्यंत साधारण चार वर्षं, पुढे बालनेत्र आणि दोन्ही डोळ्यांच्या समन्वयाकडे वळता येतं. चेन्नईचं एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री 1985 पासून आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, मुंबईत लोटस. नातेवाईक अर्धे बरोबर आहेत : बरेचजण दुकानात बसतात, आणि त्यात कमीपणाही काही नाही. पण कॉलेज निवडताना एवढंच विचारा, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आणि तिथे तिरळेपणाची, लहान मुलांची ओपीडी चालते का. फरक तिथे पडतो.

शस्त्रक्रिया करायची असेल तरच एमबीबीएस आणि पुढे एमएस. आलेखानेच वेड लावलं असेल, तर पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संस्थेत शिकून नंतर कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू कसा चालतो याचा अभ्यास. अलाहाबाद विद्यापीठात आणि आयआयटी गांधीनगरला ते शिकवतात. नुसती पापणी लवली का खरंच नजर उडाली, हे ढीगभर आकड्यांतून वेगळं काढणारी माणसंही लागतातच.

एक सावधगिरी. ‘डोळ्यांचे व्यायाम करा, मुलाचा डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) जाईल’ असं सांगणारे बरेच भेटतील. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्ये संयुक्त निवेदनात याला पुरावा नसल्याचं स्पष्ट केलं होतं. शिकून बाहेर पडल्यावर तिने त्या धंद्यात पडू नये.

बोर्डाची परीक्षा झाली की भावाची तपासणी झाली त्याच रुग्णालयात विचारा, दोन-चार दिवस मुलांच्या ओपीडीत बसू देतील का. बहुतेक ठिकाणी सरळ विनंती केली तर नाही म्हणत नाहीत. आणि नीटचा फॉर्म भरून ठेवा : ऑप्टोमेट्रीसारख्या व्यवसायांसाठीच्या 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच काय ते ठरवा.