कप डेला सासऱ्यांना न्यावं का?

तुमचा प्रश्न असा: सासू-सासरे नाशिकहून मेलबर्नला आलेत, सासरे तरुणपणी महालक्ष्मीला रेस खेळलेले, त्यांना मेलबर्न कप ही घोड्यांची रेस बघायचीय. पण ऑफिसातल्या कोणीतरी 'तिथे दुपारनंतर सगळे झिंगून पडलेले असतात' असं सांगून घाबरवलंय, आणि बरोबर सहा वर्षांची मुलगी. न्यावं का?

न्या. फक्त मंगळवारी, म्हणजे कप डेला नको, त्याच आठवड्याच्या शेवटच्या शनिवारी न्या. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी २००६ पासून इथे आहे आणि कप जिथे होतो त्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सला आठेक वेळा जाऊन आलोय. तुमच्या ऑफिसातला माणूस थापा मारत नाहीये. पण हे असं का होतं ते कळलं की त्यातून वाट काढता येते. कप ३२०० मीटरचा असतो. साडेतीन मिनिटांच्या आत खेळ खलास. कप डेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दहा रेसेस असतात, आणि सगळ्यांचा धावण्याचा वेळ एकत्र केला तरी वीस मिनिटांच्या आसपास भरतो. उरलेले सहा-सात तास काय करायचं? सासऱ्यांसारखा माणूस रेसचं पुस्तक उघडतो, पॅडॉकवर, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, जाऊन घोडा चालताना बघतो, पैजेचे भाव बघतो. इथे आलेल्या बहुतेकांना घोड्यातलं काही कळत नसतं. ऑफिसच्या स्वीपमध्ये चिठ्ठी काढून जो घोडा आला तो त्यांचा. त्यांच्यासाठी दोन रेसेसच्या मधला अर्धा-पाऊण तास म्हणजे बारची रांग. सगळी गडबड त्या मधल्या वेळेत शिजते.

त्यात नोव्हेंबरचं मेलबर्न. सकाळी गार वारा, दुपारी टाळू भाजणारं ऊन. नव्या ड्रेसमध्ये पोट दिसू नये म्हणून सकाळपासून न खाल्लेल्या मुली, टाय आवळलेली पोरं. इथे एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, पण स्पार्कलिंग वाइनच्या भरल्या ग्लासात ते दीडच्या जवळ जातं. म्हणजे 'चारच ग्लास घेतले' म्हणणाऱ्याच्या पोटात जवळपास सहा स्टँडर्ड ड्रिंक गेलेले असतात, तेही रिकाम्या पोटी आणि उन्हात.

हे मला आकड्यांवरून नाही, माझ्या मावसभावावरून कळलं. पुण्याहून आला होता, व्हिस्की पचवणारा गडी. 'हे तर सरबत आहे रे' म्हणत बारा वाजल्यापासून स्पार्कलिंग ढोसत होता. कप सुटायच्या वीस मिनिटं आधी साहेब गुलाबांच्या ताटव्याशी गुडघ्यांवर. तिथले गुलाब बघण्यासारखे असतात, हजारोंनी आहेत, त्यातल्या एका झुडपाचं त्या दिवशी नशीब फुटलं. सिक्युरिटीवाल्याने ना आवाज चढवला ना कॉलर धरली. पाण्याची बाटली दिली, सावलीत बसवलं, आणि मला म्हणाला, हा आता बारकडे दिसता कामा नये. भावाने कप ऐकला, पाहिला नाही.

त्या माणसाचं वागणं निव्वळ चांगुलपणातून आलेलं नव्हतं. व्हिक्टोरियात बारवर काम करायचं तर जबाबदारीने दारू वाढण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, आणि झिंगलेल्याला आणखी पाजणं हा गुन्हा आहे. साधं पाणी फुकट द्यावं लागतं, तेव्हा मागायला लाजू नका. आणि योगायोग बघा. नुसतं दारू पिऊन रस्त्यावर दिसणं हा इथे पूर्वी गुन्हा होता. तो कायदा रद्द झाला तो दिवस ७ नोव्हेंबर २०२३, म्हणजे नेमका त्या वर्षीचा कप डे. मागचं कारण मात्र रेसचं नव्हतं. २०१७ मध्ये टान्या डे नावाच्या आदिवासी बाईंना ट्रेनमधून दारूच्या नशेवरून पकडलं, कोठडीत त्यांच्या डोक्याला मार लागला आणि पुढे त्या गेल्या. त्यांच्या कुटुंबाने लढून तो कायदा घालवला. लॉनवर सूट घालून लोळणाऱ्यांना कोठडीची भीती कधी फारशी वाटली नव्हती, हेही जाता जाता सांगतो.

तुमच्या सासऱ्यांना हे सगळं विचित्र वाटेल, कारण महालक्ष्मीची गर्दी वेगळी. माझे काका परळच्या गिरणीत होते, रविवारी सेकंड एन्क्लोजरला जायचे आणि एक-दोनदा मलाही घेऊन गेले. हातात 'कोल', म्हणजे रेसचं पुस्तक, कानावर पेन्सिल, आणि तोंडाने अखंड पुटपुट. घोडे वळणावर आले की अख्खं स्टँड एका आवाजात ओरडायचं, आणि रेस संपली की फाटलेल्या तिकिटांचा सडा. पण पिऊन आलेला माणूस मला तिथे आठवत नाही. डोकं शाबूत लागायचं ना, पैसे लावायचे होते! प्यायचं ते नंतर, बाहेर, जिंकलं म्हणून किंवा हरलं म्हणून. काकू म्हणायची, त्यापेक्षा प्यायले असते तर स्वस्तात सुटलो असतो. गंमत म्हणजे दारूचा पैसा दोन्हीकडे. मुंबईच्या डर्बीला वर्षानुवर्षे मॅकडॉवेलचं नाव होतं, इथल्या कपला एके काळी फॉस्टर्स बिअरचं.

आता मुलीबद्दल. दारूड्यांपेक्षा मला घोड्यांची काळजी जास्त वाटते, कारण गर्दीचं वागणं त्यांच्याही जिवावर बेततं. २०१४ च्या कपात आराल्डो नावाचा घोडा रेस पूर्ण करून परतत होता. प्रेक्षकांतला एक झेंडा हलला, तो बिचकला, कुंपणावर लाथ बसून पाय मोडला आणि त्याला मारावं लागलं. झेंडा हलवणारा कोणी प्यायलेला नव्हता, ते एक लहान मूल होतं म्हणतात. त्याच दिवशी ज्याच्यावर सर्वात जास्त पैसे लागले होते तो अ‍ॅडमायर राक्तीही रेसनंतर तबेल्यात कोसळून मेला होता. तेव्हा मुलीच्या हातात झेंडा, फुगा, छत्री काही देऊ नका, आणि कुंपणापासून दोन पावलं मागे उभे राहा.

दिवस कुठला निवडायचा? कपचा कार्निव्हल म्हणजे शनिवार ते शनिवार रेसचे चार दिवस. पहिल्या शनिवारी डर्बी डे, काळे-पांढरे कपडे, तरुण गर्दी, पिणंही जोरात. मंगळवारी कप. गुरुवारी ओक्स, तो बायकांचा दिवस, मैत्रिणींचे घोळके. शेवटचा शनिवार मुलाबाळांचा मानला जातो. गर्दी विरळ, आणि रेसेस इतक्या दर्जेदार की घोडा कळणाऱ्या माणसाला मंगळवारपेक्षा तोच आवडेल. सासऱ्यांना पॅडॉकच्या कठड्याशी जागा मिळेल. मंगळवारी तिथे टोप्यांवरच्या पिसांपलीकडे काही दिसत नाही.

तरीही 'कप म्हणजे कपच' असा त्यांचा हट्ट असेल, तर त्यांना एकट्यांना घेऊन जा. सकाळी लवकर पोचा, पोटभर खाऊन. कप तीन वाजता सुटतो. निकाल लागला की लगेच ट्रेन धरा. बिघडतं ते चारनंतर, आणि शेवटच्या रेसनंतरचा प्लॅटफॉर्म म्हणजे सँडल हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या बाया, खांद्यावर लोंबकळलेले नवरे आणि कोपऱ्यात कोणीतरी ओकतंय. मारामारी मी आठ वेळांत एकदाच पाहिली, तीही टॅक्सीच्या रांगेवरून. गाडी नेऊ नका. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलला ०.०५ ची मर्यादा आहे, पी प्लेट (नवशिक्या चालकाची पाटी) असेल तर शून्य, आणि त्या दिवशी पोलीस वाटेत हमखास उभे असतात.

आणि सासूबाईंना रेसमध्ये रस नसेल, तर त्यांना आणि मुलीला मेलबर्न म्युझियममध्ये फार लॅप दाखवा. १९३० चा कप जिंकलेला घोडा, त्याचं कातडं पुतळ्यावर चढवून काचेत उभा केलाय. त्याचं हृदय कॅनबेराला, सांगाडा वेलिंग्टनला. माझी मुलगी सहा वर्षांची असताना तिथून हलेना, 'बाबा, मग हा जोडायचा कसा?' म्हणून विचारत होती.