गुडघा आणि क्लच

प्रश्न : माझं वय ५८. कासारवडवलीहून नौपाड्यात रोज गाडीने जाते-येते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा रात्री ठणकतो. बजेट बेताचं आहे. छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेऊ का?

उत्तर : ताई, घ्याच. गुडघ्याला आणखी एक पावसाळा सोसायला लावू नका. माजिवड्याच्या सिग्नलला माझाही पाय असाच भरून यायचा.

बेताच्या बजेटात ऑटोमॅटिकमध्ये बहुतेक एएमटीच (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) मिळते. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट. क्लच दाबायचं, गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करा, झटका कमी होतो. आणि चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेकच दाबा. मी पहिल्याच महिन्यात कोपरी पुलावर ही चूक केली; जळका वास आला आणि जीव घाबरा झाला.

आधी वॅगनआर बघा. सीट उंच, त्यामुळे चढता-उतरताना गुडघा फार वाकत नाही. सेलेरिओ, टियागोही एएमटीत आहेत, पण त्यांत जरा खाली बसावं लागतं. टेस्ट ड्राइव्ह मात्र सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नको. संध्याकाळी सातला, घोडबंदर रोडवरच मागा.