मुळाशी कुरळे, टोकाला सरळ

प्रश्न : मावशी, मी अमळनेरची, वय 25. लग्नाच्या आधी पार्लरमध्ये केस रिबॉंडिंग करून घेतले. त्याला आठ महिने झाले. आता मुळाशी चार-पाच बोटं माझे जुने घाण कुरळे केस आलेत आणि खाली सगळे काडीसारखे सरळ. दिसायला विचित्र दिसतं. सासूबाई म्हणतात, डोक्यावर घरटं झालंय. पार्लरवाली ‘टच-अप’ करून घे म्हणते, पण कंगव्यात आधीच तुटके केस येतात, त्यामुळे भीती वाटते. सरळ केलेले केस पूर्वीसारखे व्हायला काय लावू? मला अगं-तूगं केलंत तरी चालेल.

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातला ‘घाण’ हा शब्द मी तीनदा वाचला. तो खोडून टाक. धरणगावला माझी आजी ओट्यावर बसवून माझी वेणी घालायची आणि अहिराणीत म्हणायची, “आंडेर, तुना केस भारी शेतस वं.” म्हणजे पोरी, तुझे केस भारी आहेत गं. माझे केस तुझ्यासारखेच, ओले असताना कमरेपर्यंत आणि वाळले की खांद्यावर. तरी पुढे जळगावात पार्लर काढल्यावर मी ते सरळ केले आणि अठरा वर्षांत शेकडो मुलींचेही केले. म्हणून तुला जे सांगते ते माझ्या हातांनी पाहिलेलं आहे.

सरळ केलेले केस पूर्वीसारखे होणार नाहीत, काहीही लावलंस तरी. केसाचा आकार त्याच्या आतल्या गंधकाच्या बंधांवर टिकलेला असतो. रिबॉंडिंगचं पहिलं क्रीम ते बंध तोडतं, मग इस्त्री केस सपाट करते आणि दुसरं क्रीम त्या सपाट आकारातच ते पुन्हा बांधतं. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो, तो जखमेसारखा भरून येत नाही. त्यामुळे ‘रिपेअर’ लिहिलेल्या महागड्या बाटलीने वरून गुळगुळीतपणा येईल, वळण येणार नाही. वळण मुळातून येतं, आणि ते तुझ्याकडे येतंच आहे.

आता एक करून बघ. एक केस मुळापासून चिमटीत धर आणि बोटं हळूहळू खाली सरकव. आधी खडबडीत, नागमोडी लागेल, आणि एका जागी एकदम गुळगुळीत. तो सांधा. तुझे केस तुटतायत ते तिथेच. वरचा भाग एका स्वभावाचा, खालचा दुसऱ्या, आणि ओढ बसली की मधला सांधा सुटतो. टच-अप म्हणजे त्याच सांध्यावर पुन्हा क्रीम जाणं, कारण ब्रश इतका नेमका फिरत नाही. तुझी भीती खरी आहे. नको करू.

मग दोन वाटा. एक, सांध्यापाशी कापून टाकणं. चार-पाच बोटांचे केस ठेवायची तुझ्या घरात आत्ता तयारी नसेल, आणि त्यासाठी भांडण करावं असं मी म्हणणार नाही. दुसरी, दर दीड-दोन महिन्यांनी खालून दोन-दोन बोटं कमी करत जायचं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण तुझे व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागतील. तोवर सगळं लक्ष त्या सांध्यावर ठेवायचं.

कोरड्या केसांतून फणी फिरवायची नाही. न्हाताना केसांचे चार भाग कर, कंडिशनर भरपूर लाव आणि त्यातच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवत वर ये. सांध्याच्या वरचे केस दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धर, म्हणजे ओढ मुठीवर येते, सांध्यावर नाही. नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नकोस. घरात जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी असेलच, तिच्या तुकड्यात केस दाबून पाणी टिपून घे.

आठवड्यातून दोनदा न्हाणं पुरे, मे महिन्यात घाम फार आला तर मधे नुसत्या पाण्याने डोकं धू. शाम्पू सल्फेट नसलेला घे, बाटलीमागच्या यादीत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ वरच दिसलं तर ठेवून दे. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाने केस अजिबात धुवू नकोस. जड पाण्यात साबणाचा चिकट पांढरा थर होतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच केसांवर बसतो. शिकेकाईने तसा थर होत नाही, पण तिची पूड कुरळ्या केसांत अडकते. शेंगा रात्री भिजव, सकाळी उकळ आणि पाणी कापडातून गाळूनच वापर. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी ओतलंस तर केसांचा कोरडेपणा कमी होईल.

तेल न्हाण्याआधी लाव, खोबरेल. 2003 साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल लावून केस तपासले, तेव्हा केसातलं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. ते संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच होतं हेही लक्षात ठेव, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

दोन तऱ्हा एकसारख्या दिसाव्यात म्हणून जवस वापर. चटणीसाठी तो घरात असतोच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेव आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत फेस येतो, मग पाणी दाटतं आणि चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. त्याच क्षणी गॅस बंद कर आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळ, थंड झाल्यावर एक थेंब गळणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना ते चोपड आणि रात्री सहा-सात सैल वेण्या घालून झोप. सकाळी सरळ टोकांनाही वेणीचं वळण आलेलं असेल. अभ्रा साटिनचा शिव आणि स्कूटीवर बांधायच्या स्कार्फला आतून तसंच अस्तर लाव. सुती कापड उन्हाला चांगलं, पण ते केस घासतं.

कोणी ‘त्यापेक्षा केराटिन कर, ते सौम्य असतं’ म्हणालं तर ऐकू नकोस. केराटिन म्हणजे औषध लावून, वरून गरम इस्त्री फिरवून केस सरळ करायचा दुसरा प्रकार. माझ्या बंद एसीच्या खोलीत ती इस्त्री फिरली की धूर निघायचा, डोळे झोंबायचे, मदतीला असलेली मुलगी खोकत बाहेर पळायची. तो वायू फॉर्मॅल्डिहाइड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. बाटलीवर ‘मिथिलीन ग्लायकॉल’ असलं तरी ते पाण्यात विरघळलेलं फॉर्मॅल्डिहाइडच. मला हे उशिरा कळलं. कळल्यावर मी ते काम बंद केलं, पण त्या मुलीची आठवण अजून जात नाही.

सासूबाईंना एकदा न्हाण्याच्या दिवशी जवळ बसव आणि मुळाशी बोटं फिरवू दे. दोन तऱ्हा हाताला लागल्या की ‘घरटं’ का झालंय ते त्यांना तुझ्या सांगण्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : वय 54, राहणार शिरपूर. केस रंगवणं सोडायचंय. नैसर्गिक म्हणून काळी मेंदी लावली तर कपाळाला खाज आणि पुरळ आलं. असं का?

उत्तर : मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगी असतो. जी मेंदी तासाभरात केस काळेभोर करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हे डायमधलंच रसायन असतं, आणि तुमचं पुरळ त्याचंच दिसतं. आता कोणताही काळा रंग लावू नका आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ही ॲलर्जी पुढच्या वेळी जास्त जोरात येते, चेहरा सुजतो. रंग सोडताना पांढरी रेघ भांगात उठून दिसते, तोच काळ अवघड. सरळ भांग मोडून वाकडातिकडा पाडा आणि केस मानेपर्यंत आखूड करा. वर्षभरात प्रश्न सुटलेला असेल.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, केस दाट कुरळे. शाळेत दोन घट्ट वेण्या, वर रिबन, हा नियम. रोज सकाळी रडते. कानशिलांवरचे केस विरळ झालेत. आम्ही चोपड्याला राहतो.

उत्तर : विरळ झालेले केस ओढीने जातायत. केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसतात का ते आजच बघा, ती पहिली खूण असते. ओढ आत्ता थांबली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालली तर मूळच मरतं. शाळेचा नियम दोन वेण्यांचा आहे, घट्टपणाचा नाही. वेणी कानाच्या खाली सुरू करा आणि पहिला पेड घालताना तिला भुवया वर करायला सांगा. कपाळ ताणलं गेलं तर पेड सोडून पुन्हा सैल घाला. रबर बँड नको, कापडी बँड घ्या. आणि वेण्या सकाळच्या घाईत घालूच नका. रात्री जेवणानंतर, केस पाण्याने किंचित दमट करून, वर पहिल्या उत्तरात सांगितलेलं जवसाचं पाणी लावून घाला, ती तशीच झोपेल. सकाळी रिबन तेवढी बांधायची. वर्गाच्या बाईंना दोन ओळींची चिठ्ठी द्या, केस निसटलेले दिसले तर रागावू नका म्हणून. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत केस मोकळे राहू द्या.