मॅनाकिन नर एकमेकांसाठी का नाचतात?

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतील जंगलांत राहणाऱ्या मॅनाकिन पक्ष्यांच्या काही जातींत अनेक नर मिळून एकाच मादीपुढे नाचतात आणि पिल्लांचे संगोपन मात्र मादी एकटीच करते, असे वाचनात आले. नर असा मोकळा कसा राहतो? ज्यांची निवड होत नाही त्या नरांना या नाचातून काय मिळते?

उत्तर : नराच्या मोकळेपणाचे मूळ या पक्ष्यांच्या आहारात असावे, असे अभ्यासक मानतात. मॅनाकिन मुख्यतः लहान रानफळांवर जगतात. फळ पळून जात नाही, आणि फळांनी लगडलेले झुडूप एकदा सापडले की तिथे पुन्हा पुन्हा जाता येते. त्यामुळे घरटे बांधणे, बहुधा दोनच असणारी अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे सारे मादी एकटी निभावू शकते. घरट्यावर नजरेत न भरणारा तिचा हिरवट रंग त्या कामी उपयोगी पडतो. नराकडून मदतीची अपेक्षाच नसल्याने ती त्याला केवळ रूप आणि नृत्य पाहून निवडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या या निवडीतूनच नरांचे लाल, निळे, पिवळे रंग घडले आहेत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक विलक्षण वाटते. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातील निळे मॅनाकिन एका फांदीवर ओळीने बसतात. मादीच्या सर्वांत जवळचा नर हवेत उडी घेऊन तिच्यासमोर क्षणभर फडफडतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसतो, तोवर पुढचा सरकून त्याच्या जागी आलेला असतो. हे चक्र रहाटगाडग्यासारखे फिरत राहते. अखेर प्रमुख नर तीव्र आवाज काढून नाच थांबवतो, आणि मीलनाची संधी बहुतेक वेळा त्यालाच मिळते.

बाकीचे नर त्याचे भाऊबंद असतील, अशी शंका साहजिकच येते. मात्र याच कुळातल्या, मध्य अमेरिकेतील लांब शेपटीच्या मॅनाकिनचा कोस्टारिकात दीर्घकाळ अभ्यास झाला, तेव्हा जोडीने नाचणारे नर एकमेकांचे नातलग नसल्याचे आढळले. दुय्यम नराला मीलनाची संधी क्वचितच मिळते. तरीही तो वर्षानुवर्षे साथ देतो, कारण प्रमुख नर गेल्यावर ती जागा बहुधा त्याच्याकडे येते आणि त्या जागेची सवय असलेल्या माद्या तिथे येतच राहतात. नाचातला मेळ जुळायलाही वर्षे लागतात, त्यामुळे या उमेदवारीच्या काळात तो ते कसबही अंगी बाणवत असतो.