लहान मुलांना घेऊन डोंगरातल्या ट्राउट तळ्याकाठी राहताना तंबू पाण्यालगत लावावा का?

तुमची मुलं 6 आणि 9 वर्षांची, मुक्काम दोन रात्रींचा, आणि गळ टाकायला मुलं आतुर. त्या हिशेबानं सांगते.

तंबू पाण्याला खेटून लावू नका. आम्ही पहिल्या वेळी लावला होता, झोपल्या जागेवरून तळं दिसावं म्हणून. रात्री उतारावरची गार, जड हवा खाली येऊन तळ्याच्या खोलगट भागात साचते, त्यात पाण्याचा दमटपणा. पहाटे लेकीनं तंबूच्या कापडाला आतून नुसतं बोट लावलं आणि थेंबांची ओळ घरंगळत तिच्या स्लीपिंग बॅगवर. तेव्हापासून आम्ही काठापासून निदान 60 मीटर दूर, जरा चढावर तंबू लावतो आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवतो. पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही त्यामुळे मोकळी राहते. भांडी तेवढ्याच अंतरावर धुवा, साबण 'नैसर्गिक' असला तरी.

उंचीचा अंदाज आधी घ्या. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. शिवाय अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही, म्हणून मुलांच्या खाली फोमची जाड चटई हवीच. आमच्याकडे एका पांघरुणाऐवजी चटई वाढवल्यावर रात्रीची रडारड थांबली.

आता मासे. ट्राउट गार पाण्यातला मासा. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल होतात, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी तो खोल जातो. पहाटे आणि दिवेलागणीला काठाजवळ फिरतो. ओढा तळ्याला मिळतो ती जागा सर्वांत चांगली: गार पाणी आणि वाहून आलेले किडे, दोन्ही तिथेच. पण मुलं धावत गेली की संपलं. माशाच्या अंगावरच्या बाजूच्या रेषेला पाण्यातली बारीक थरथरही जाणवते. आम्ही मुलांना काठावर पालथं झोपवून नुसतं बघायला लावलं. मासा किडा टिपायला वर आला की पाण्यावर गोल उमटतो. तसा एक उमटला, मग त्याच्या हातभर पुढे दुसरा. तिसरा कुठे उमटेल हे धाकट्यानं बोटानं दाखवलं, आणि तिथेच उमटला! त्यानंतर अर्धा तास कुणी हललं नाही.

परवाना आणि किती मासे ठेवता येतात, हे निघण्याआधीच विचारून घ्या. मासा सोडून द्यायचा असेल तर गळाचा उलटा दात पक्कडीनं दाबून टाका आणि हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. भर दुपारच्या कोमट पाण्यात पकडून सोडलेला मासा पुष्कळदा वाचत नाही, तेव्हा त्या वेळी गळ गुंडाळूनच ठेवा.

एका बाबतीत मी अजिबात ऐकत नाही: लाइफ जॅकेट. होडीत बसा वा नका बसू, काठावर असेपर्यंत ते मुलांच्या अंगात हवं. डोंगरातलं पाणी भर उन्हाळ्यातही इतकं गार असतं की अचानक पडल्यावर श्वास जोरात आत ओढला जातो, आणि पोहता येणाराही तेव्हाच पाणी गिळतो.

आणि रात्री पाण्यालगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळून दूरवर जातो. पलीकडच्या काठावरचं बोलणं तुम्हाला शेजारून आल्यासारखं ऐकू येईल. तुमचंही तिकडे तसंच जातं, म्हणून अंधार पडल्यावर गप्पा हळू आवाजात मारा.